फोटो तिनंच पाठवले होते, म्हणून काय झालं?

प्रश्न एका मामांचा आहे. भाची तेवीस वर्षांची. कॉलेजातल्या एका मुलाशी तिचं तीन वर्षं नातं होतं. ते संपलं आणि आता घरच्यांनी तिचं लग्न ठरवलंय. तो मुलगा ‘लग्न मोड, नाहीतर फोटो तुझ्या सासरी पाठवतो’ असे मेसेज करतोय. गेल्या आठवड्यात त्यातले दोन फोटो कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले, ते तिच्या मैत्रिणीनं पाहिले. फोटो भाचीनं स्वतःच काढून त्याला पाठवले होते. मामांनी विचारलंय: यात गुन्हा होतो का, की ‘तूच पाठवलेस’ म्हणून तिच्यावरच उलटेल? पोलिस तिचा मोबाइल काढून घेतील का? आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून मिटवलं तर?

मामा, गुन्हा होतो. फोटो कुणी काढला यानं त्यात फरक पडत नाही. वकील म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुली पहिलं वाक्य ‘मॅडम, चूक माझीच आहे’ असं म्हणतात, आणि मग अर्धा तास त्याच वाक्याभोवती फिरत राहतात. म्हणून कायद्याचे शब्द आधी सांगते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ पाहा, स्त्रीचे खाजगी क्षण चोरून पाहणं, टिपणं किंवा पसरवणं याबद्दलचं. जुन्या दंडविधानात हेच ३५४-क (इंग्रजीत ३५४-सी) म्हणून २०१३ च्या दुरुस्तीनं आलं होतं. त्याखालचं दुसरं स्पष्टीकरण म्हणतं की स्त्रीनं फोटो काढायला किंवा एखाद्या कृतीला संमती दिली असेल, पण तो तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोचवायला दिली नसेल, आणि तरी तो पोचवला गेला, तर ते पोचवणं हा गुन्हा आहे. म्हणजे एका माणसाला दाखवायला दिलेला होकार हा गावाला दाखवायचा परवाना नाही, हे संसदेनंच लिहून ठेवलंय. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. दुसऱ्यांदा तीन ते सात वर्षं.

तरी मी एकट्या ७७ वर कधी विसंबत नाही. बचावाचा वकील हटकून म्हणतो, ‘कलमात फोटो टिपणारा आरोपी अभिप्रेत आहे, इथं तर सेल्फी आहे.’ दुसरं स्पष्टीकरण नीट वाचलं तर हा मुद्दा टिकू नये असं माझं मत आहे, पण खटला मतावर चालत नाही. म्हणून सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई हवंच. त्यात टिपणं, प्रसिद्ध करणं आणि पाठवणं ही तीन क्रियापदं वेगवेगळी आहेत, यातलं एकही पुरे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. ज्या मुलाचे फोटो पसरवले गेले त्याला ७७ चा आधार नाही, पण ६६-ई चा आहे. मुलगे तर येतच नाहीत आमच्याकडे. आले तर फी विचारायच्या आधी ‘घरी कळणार नाही ना’ विचारतात.

६६-ई ची मर्यादाही माहीत असू द्या. ‘खाजगी अवयव’ म्हणजे काय याची व्याख्या कलमातच दिली आहे, उघडे किंवा फक्त अंतर्वस्त्रात असलेले. फोटोत दोघं मिठीत आहेत, कपडे पूर्ण आहेत, तर हे कलम लागत नाही, मग त्या फोटोनं लग्न का मोडेना. तिथं पाठलाग, धमकी, बदनामी अशा वाटांनी जावं लागतं.

मग त्याच कायद्याची कलमं ६७ आणि ६७-अ. पहिलं अश्लील मजकुरासाठी, दुसरं उघड लैंगिक कृतीच्या मजकुरासाठी. ६७-अ ला पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. फरक कुठं पडतो ते सांगते. ६६-ई, ६७ आणि पहिल्या वेळचं ७७, तिन्ही दखलपात्र, म्हणजे पोलिस थेट गुन्हा नोंदवू शकतात, पण जामीनपात्र. आरोपी संध्याकाळी घरी. ६७-अ अजामीनपात्र आहे. म्हणून फिर्यादीत ‘अश्लील फोटो व्हायरल केले’ असं गोळीबंद वाक्य लिहून यायचं नाही. फोटोत नेमकं काय आहे हे लाजेकाजेस्तव गाळलं, तर कलमही तितकंच हलकं लागतं. तुमच्या भाचीच्या बाबतीत ६७-अ लागेल की ६७ वर थांबेल हे मी फोटोचं वर्णन ऐकल्याशिवाय सांगणार नाही. वर्णन म्हणाले, फोटो नव्हे. ते मला व्हॉट्सॲप करू नका. तुमच्याही फोनमध्ये घेऊ नका. पुरावा म्हणून पाच जणांच्या फोनमध्ये फिरलेला फोटो हा पाच ठिकाणाहून पुन्हा सुटू शकणारा फोटो असतो.

‘तिच्यावर उलटेल का?’ कागदावर पाहिलं तर ६७ मध्ये ‘पाठवणं’ हा शब्द आहे आणि तिनंही एकदा पाठवलंच होतं. या भीतीवर आरोपीची माणसं बरीच पोळी भाजून घेतात. प्रत्यक्षात प्रौढ मुलीनं विश्वासानं आपल्या माणसाला पाठवलेल्या फोटोवरून तिच्यावरच गुन्हा दाखल झालेला मी माझ्या उभ्या वकिलीत पाहिलेला नाही. पण कायद्याची ठेवण चुकीची आहे हे मान्य करते. विश्वासघाताचा गुन्हा अश्लीलतेच्या कपाटात ठेवला की पोलिसापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकाची नजर फोटोकडे जाते, पाठवणाऱ्याकडे नाही. १९९४ चं जळगावचं वासनाकांड पेपरात वाचून मोठी झालेली माझी पिढी. तेव्हाही फोटो आणि चित्रफितींचा धाक दाखवल्याचे आरोप होते, आणि अशा गुन्ह्याला त्याचं स्वतःचं कलमच नव्हतं. २००४ मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांची क्लिप एका लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला आली, तेव्हा देश हादरला. ६६-ई, ६७-अ ही कलमं नंतर २००८ च्या दुरुस्तीनं आली आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली.

एक पोटप्रश्न विचारून ठेवते. फोटो काढला तेव्हा ती अठरा पूर्ण होती ना? तुम्ही दिलेल्या हिशोबानं होती. वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची असेल, तर सगळं प्रकरणच बदलतं. ६७-ब आणि पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, लागतो, संमतीचा प्रश्नच उरत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालानंतर असा मजकूर नुसता जवळ बाळगणाराही सहज सुटत नाही.

आता पुरावा. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कलम चुकलं तर पुढं वाढवता येतं, पुरावा गेला की गेला.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकरणात मुलीचा भाऊ त्या पोराला गाठायला गेला, दोन कानफटात दिल्या आणि त्याचा मोबाइल दगडानं फोडला. घरी येऊन बहिणीच्या फोनमधलं सगळं चॅट ‘घाण’ म्हणून स्वतःच पुसलं. आठवड्यानं फोटो दुसऱ्या क्रमांकावरून पुन्हा आले. आता आमच्या हातात होतं काय? फुटलेला फोन, रिकामं चॅट, आणि भावाविरुद्ध मारहाणीची तक्रार. त्या पोराच्या वकिलानं न्यायालयात तीच पुढं केली. तेव्हा तुमच्याकडच्या तरुण मंडळींना आधी आवरा.

धमक्यांचा पुरावा भाचीच्या फोनमध्ये आहे, पण फोटो पसरवल्याचा पुरावा तिच्याकडे नाही, तो मैत्रिणीच्या फोनमध्ये आहे. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्रुपमध्ये ती होती, फोटो तिनं पाहिले, म्हणून तिचा जबाब आणि तिचा फोन हा या खटल्याचा कणा आहे. तिला आजच सांगा की ग्रुप सोडू नकोस, काही पुसू नकोस, कुणाला पुढं पाठवू नकोस. पाठवणाऱ्यानं ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायच्या आत तिनं स्क्रीन रेकॉर्डिंग करावं: ग्रुपचं नाव, सदस्यांची यादी, मेसेजची तारीख-वेळ, आणि पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून उघडलेला त्याचा पूर्ण क्रमांक. हा क्रमांक विसरतोच. स्क्रीनशॉटवर नुसतं ‘रोहन कॉलेज’ दिसत असेल तर ते नाव तिनं स्वतः सेव्ह केलेलं आहे, त्यानं काही सिद्ध होत नाही. भाचीच्या फोनमधल्या धमक्याही अशाच नोंदवून घ्या. फोटो कुठल्या संकेतस्थळावर गेले असतील तर पत्त्याची पूर्ण ओळ उतरवून घ्या, नुसतं साइटचं नाव नको.

न्यायालयात स्क्रीनशॉट तसाच चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून जुन्या पुरावा कायद्यातलं ‘६५-ब’ च असतं. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो, म्हणून मूळ फाइलला हात लावू नका, कापू नका, रंग पुसून झाकू नका.

फोन पोलिस घेतील का? घेतील, निदान काही दिवस. तो मुद्देमाल असतो. जप्तीच्या पंचनाम्यात फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) आणि हॅश आली आहे ना हे पाहा, मग सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळावा म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बँकेचं, ऑफिसचं काम आधीच दुसऱ्या फोनवर घ्या. फोन रिसेट मात्र करायचा नाही.

ठाण्यात जाताना लेखी तक्रार घेऊन जा. तोंडी सांगायला बसलात तर ठाणे अंमलदार ऐकतो, मान डोलावतो आणि अदखलपात्र नोंद (एनसी) करून पावती हातात देतो. मी एकदा मुलीसोबत रात्री नऊला एका ठाण्यात बसले होते. अंमलदार माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ‘मॅडम, पोरीचं लग्न आहे, एनसी करतो, त्याला बोलावून दम देतो.’ मी लेखी तक्रारीतल्या तीन ओळी बोट ठेवून वाचून दाखवल्या: अमुक तारखेला, अमुक क्रमांकावरून, अमुक ग्रुपवर, माझ्या संमतीशिवाय. त्यानं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग आतल्या खोलीत वरिष्ठांना विचारायला गेला. अकरा वाजता एफआयआरची प्रत हातात आली. ती प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक मार्गानं माहिती पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. कलम ७७ च्या गुन्ह्यात मुलीची माहिती महिला पोलिस अधिकाऱ्यानं किंवा दुसऱ्या महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची आहे, तेव्हा अशी कुणी तिथं हजर आहे का हे आधी फोन करून विचारा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या हुद्द्याचाच अधिकारी करू शकतो. उपनिरीक्षकानं केलेला तपास पुढं न्यायालयात लंगडा पडतो. ठाण्यानं नकार दिला तर पोलिस अधीक्षकांना किंवा शहरात असाल तर आयुक्तालयात टपालानं तक्रार पाठवा, तिथंही हललं नाही तर दंडाधिकारी आहेत.

नावाची गुप्तता ही तुमची खरी काळजी असणार. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव उघड करणं हा आपोआप गुन्हा ठरतो, पण ते संरक्षण कलम ७७ ला त्याच शब्दांत लावलेलं नाही. ही मोठी फट आहे. म्हणून सुरुवातीलाच दोन अर्ज द्यायचे. एक पोलिसांना, की हा एफआयआर संकेतस्थळावर टाकू नका. एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश देतानाच सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. दुसरा न्यायालयाला, की कागदपत्रांत नावाऐवजी अक्षर वापरा आणि साक्ष बंद दाराआड घ्या.

फोटो खाली उतरवणं हे काम गुन्ह्याच्या तपासापेक्षा वेगळं आहे, आणि दोन्ही एकदमच चालवायची असतात. २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यमांवर बंधन घातलं की नग्नतेचा किंवा लैंगिक कृतीचा मजकूर, आणि खोटा जोडलेला चेहरासुद्धा, संबंधित व्यक्तीची तक्रार आल्यापासून २४ तासांत काढायचा. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ही मुदत आणखी आवळून काही तासांवर आणली. ही तक्रार तिच्या वतीनं दुसरा कुणी करू शकतो. मामा, हे काम तुम्ही अंगावर घ्या, कारण तेच फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहणं हा तिला वेगळाच जाच आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं दाद दिली नाही तर तीस दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सोय आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या हेल्पलाइननं सुरू केली. फोटो तिच्याच फोनवर राहतो, फक्त त्याचा ठसा तयार होऊन फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या भागीदार कंपन्यांकडे जातो, आणि तोच फोटो कुणी तिथं चढवायला गेलं तर अडतो. अजून न पसरलेल्या फोटोंसाठीही हे आजच करता येईल. पण व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये काय जातंय ते कुणालाच दिसत नसल्यानं तिथं हा उपाय पोचत नाही.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांच्या विभागात नाव न सांगताही तक्रार करता येते, आणि १९३० वर फोन. निनावी तक्रारीनं मजकूर उतरायला मदत होते. आरोपीला शिक्षा मात्र होत नाही, त्यासाठी फिर्यादी लागतोच. लिंका पुन्हा पुन्हा उगवत असतील तर उच्च न्यायालय. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ आणि २०२३ मध्ये शोधयंत्रांना सुनावलं आहे की पीडितेला दर वेळी नवी लिंक घेऊन दारात उभं करू नका.

ग्रुपमधल्या इतरांचं काय? ज्यानं पुढं पाठवला तो प्रत्येक जण स्वतंत्र आरोपी. ॲडमिन मात्र केवळ ॲडमिन आहे म्हणून अडकत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलंय. ॲडमिनला शत्रू करू नका, साक्षीदार करा. त्याच्याही फोनमध्ये तोच पुरावा आहे.

धमकीबद्दल कायदा जरा कच्चा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये असे फोटो पसरवण्याची नुसती धमकी देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे तो न्याय संहितेतल्या धाकदपटशाच्या कलम ३५१ मध्ये बसवावा लागतो. त्यात एक धारदार पोटकलम आहे, स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी दिली तर सात वर्षांपर्यंत कैद. बरेच अंमलदार ते लावायला विसरतात, तुम्ही नावानिशी मागा. त्यानं पैसे मागितले आहेत का, तेही तिला शांतपणे विचारा. मागितले आणि तिनं दिले असतील तर खंडणीचं कलम ३०८ येतं, आणि ते अजामीनपात्र आहे. मुली हे सांगत नाहीत. दोन-दोन हजार करत पगार संपलेला असतो.

आणि मिटवणं. तुम्ही मोठ्या माणसांनी बसायचं म्हणता. माझ्याकडे अशा बैठकांचे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचे करार पडून आहेत, ‘सर्व फोटो डिलीट केले आहेत, यापुढे काही तक्रार नाही’. त्या मुलाच्या क्लाउडमध्ये काय उरलंय हे त्या कागदाला कसं कळणार? कायदाही इथं सोपी वाट देत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात काही गुन्हे तडजोडीनं मिटवता येतात, पण गुन्हा स्त्रीविरुद्ध असेल तर न्यायालयानं तडजोडीला परवानगी द्यायची नाही, असं कलम ७७-अ मध्ये सरळ लिहिलंय. गुन्हा नोंदल्यावर तो रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून बैठकीत ‘आधी फोटो दे, मग बघू’ म्हणणं सोडा. त्यातून त्याला एवढंच कळतं की तुम्ही घाबरलात.

शिक्षा होते का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. पश्चिम बंगालमधल्या तमलुकच्या न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये अशाच प्रकरणात एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पाच वर्षांची कैद दिली. गुन्हा आदल्याच वर्षी नोंदलेला होता. इतक्या झटपट सगळे निकाल लागत नाहीत. आमच्या जिल्ह्यात न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायलाच महिने जातात.

राहता राहिले तिचे वडील. ती तेवीस वर्षांची आहे. फिर्यादीवर सही तिचीच असावी, आणि वडिलांची परवानगी कुठल्याच कलमात मागितलेली नाही. त्यांना सांगायचं की नाही, कधी, कुणी, हे तिला ठरवू द्या. होणाऱ्या सासरी मात्र त्याच्या मेसेजच्या आधी तिच्याकडून कळलेलं बरं, पण हेही मी तिला विचारूनच तुम्हाला सांगितलं असतं. वकिलाची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथं उत्पन्नाची अट नसते. येताना तिलाच आणा, मैत्रिणीलाही, आणि दोघींचे चार्जर.